नव्वद शून्यं : अमिगा ५००, ऑक्टामेड आणि मिडीवरची आरतीची साथ पुन्हा उभी करताना

लंडनमधल्या हॅरोला राहणाऱ्या एका काकांचा फोन आला. "अरे, तुला त्या जुन्या मशीनमधलं कळतं ना? माझी अमिगा माळ्यावर पडून आहे. फ्लॉप्या पण आहेत सगळ्या. एकदा येऊन बघ, नाहीतर मुलगा म्हणतोय टाकून देऊ." मी त्याच रविवारी गेलो.

माळ्यावरून खाली उतरलं ते असं : अमिगा ५०० हा जुना घरगुती संगणक, तिच्या पोटातल्या खाचेत बसवलेलं ५१२ केबीचं मेमरी कार्ड, यामाहाचं टीएक्स८१झेड हे साउंड मॉड्यूल, सिरीयल पोर्टला लावायचा मिडी इंटरफेस (मिडी म्हणजे संगणक आणि वाद्यं एकमेकांना सूर कळवतात ती भाषा), एक ड्रम मशीन, तीन मिडी केबली, ३४ फ्लॉप्या आणि एक लांबट हिरवी वही. काकांनी १९९० ते १९९६ या काळात त्यांच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी आरत्या आणि भजनांची साथ या संचावर बसवली होती. तेव्हा मंडळात गाणारे भरपूर होते, पेटी वाजवणाऱ्या एक बाई होत्या, पण ढोलकीला कुणी नव्हतं. पुढे ढोलकी वाजवणारी मुलं आली आणि हा संच माळ्यावर गेला.

काकांचं मागणं साधं होतं. १९९३ची गणपतीच्या आरतीची साथ पूर्वी वाजायची तशी एकदा वाजवून दाखव. बाकीचं मग बघू.

"पूर्वीसारखी" या एका शब्दापायी माझे सात रविवार गेले. त्यांचा हा वृत्तांत मी सविस्तर लिहितोय, कारण ट्रॅकर (सूर तक्त्यात ओळीने लिहून वाजवायचं सॉफ्टवेअर) आणि मिडी एकत्र वापरलेली जुनी कामं परत उभी करताना नेमकं काय हातातून निसटतं, ते या एका आरतीत सगळं पाहायला मिळालं.

यंत्र आणि सॉफ्टवेअर

मिडी म्हटलं की जुने लोक अटारी एसटीचं नाव घेतात. १९८५ साली आलेल्या त्या संगणकाला मिडीची दोन भोकं कारखान्यातूनच असायची, त्यामुळे स्टुडिओंनी तोच उचलला. अमिगाला ती नव्हती. तिची ताकद वेगळी : पॉला नावाची चिप, जी आठ बिटांचे ध्वनी-नमुने, म्हणजे सॅम्पल, चार वाटांनी एकाच वेळी वाजवते, आणि तेही मुख्य प्रोसेसरला फारसा त्रास न देता. या चिपसाठी १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की यांनी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला आणि ट्रॅकर ही जात जन्माला आली. वरून खाली सरकणारा तक्ता, चार रकाने, एका पानावर ६४ ओळी. प्रत्येक ओळीत कुठला सूर, कुठलं सॅम्पल, कुठली आज्ञा. ताल डोळ्यांनी वाचता येतो. ठेक्याचे बोल वहीत मात्रांच्या खाली लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला हा तक्ता परका वाटतच नाही, आणि काकांचंही तसंच झालं असणार.

फिनलंडच्या टेयो किनुनेन यांनी १९८९ साली मेड हा ट्रॅकर काढला. एप्रिल १९९०च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात मिडी आलं, आणि १९९१मध्ये चारऐवजी आठ वाटा वाजवणारा ऑक्टामेड झाला. तो इंग्लंडमधून, साउथॅम्प्टनच्या आरबीएफ सॉफ्टवेअरकडून प्रसिद्ध व्हायचा, आणि ब्रिटिश अमिगा मासिकांसोबत मिळणाऱ्या कव्हरडिस्कवरूनही घरोघर पोचला. इथल्या ड्रम-अँड-बेस संगीतात अ‍ॅफ्रोडाइटीसारख्या निर्मात्यांनी अमिगा १२०० आणि ऑक्टामेडवर काम केलं, ते याच वातावरणात. काकांकडेही ऑक्टामेड असाच एका मासिकासोबत आला होता.

त्यांची रचना अशी होती. ढोलकी आणि टाळ ही सॅम्पलं पॉला वाजवणार. कॅसेटवरून पॅरलल पोर्टच्या सॅम्पलरने ती त्यांनीच भरलेली. सनई, पेटी आणि तंबोऱ्यासारखा भरणा हे टीएक्स८१झेडमधून, मिडीवर. मेमरी एकूण एक एमबी, म्हणून सुरांची वाद्यं बाहेरच्या यंत्रावर टाकलेली. अतिशय विचारपूर्वक केलेली विभागणी.

पण या विभागणीतच मेख आहे. ट्रॅकरची साधी फाइल म्हणजे शिदोरी असते : सूर कुठे ते आत, आणि वाद्याचा आवाजही आतच. तीस वर्षांनी उघडली तरी तशीच वाजते. मिडीचा रकाना हा निरोप असतो : तिसऱ्या चॅनेलवर अमुक सूर, अमुक जोराने. निरोप ऐकणारा पलीकडे तोच हवा, त्याच तयारीत हवा. पलीकडचा बदलला, की निरोप जसाच्या तसा असूनही गाणं वेगळं.

निरोप होता, आवाज नव्हता

यंत्र चालू करण्याआधी ते उघडलं. पोटातल्या त्या मेमरी कार्डावर घड्याळासाठी एक निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती पाझरते आणि आजूबाजूचं तांबं खात जाते. काकांच्या कार्डावर हिरवट डाग पडायला सुरुवात झाली होती, बस. बॅटरी काढली, व्हिनेगरने पुसलं, धुतलं, वाळवलं. अमिगा कुणाच्याही माळ्यावर असेल तर निदान एवढं तरी आजच करा. बाकी सगळं थांबू शकतं.

फ्लॉप्या साध्या पीसीच्या ड्राइव्हवर वाचता येत नाहीत, कारण अमिगा ८८० केबीचा स्वतःचा साचा वापरते. ग्रीसवीझल नावाचं एक छोटं खुलं हार्डवेअर आहे, ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. त्याने ३४पैकी ३१ फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. प्रत्येकीची प्रतिमा ९,०१,१२० बाइटांची.

आरतीची फाइल सापडली. सुरुवातीची चार अक्षरं 'एमएमडी१', म्हणजे ऑक्टामेडचीच. या साच्यात ६३ वाद्यांची नोंदवही असते, प्रत्येक वाद्याला आठ बाइट. सनईची नोंद, सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, अशी होती :

०० ०० ०० ०१ ०३ ०सी ४० ००

पहिले चार बाइट सॅम्पलच्या पुनरावृत्तीचे, इथे निरुपयोगी. पाचवा ०३, म्हणजे मिडीचं तिसरं चॅनेल. सहावा ०सी, म्हणजे १२ क्रमांकाचा प्रीसेट, मॉड्यूलमधला साठवलेला आवाज. सातवा ४०, म्हणजे पूर्ण आवाज, ६४. शेवटचा सूर वर-खाली सरकवण्यासाठी, तो शून्य. सनईबद्दल फाइलला ठाऊक असलेलं एवढंच : चॅनेल तीन, प्रीसेट बारा. सनईचा आवाज कसा, ते टीएक्स८१झेडला ठाऊक होतं, आणि त्या मॉड्यूलमधली लिथियम बॅटरी केव्हाच मेली होती. काकांनी घडवलेले ३२ आवाज गेले होते. जोडीला आणखी एक गोष्ट गेली होती. या मॉड्यूलमध्ये एक तक्ता असतो : बाहेरून कुठला क्रमांक आला की आतला कुठला आवाज लावायचा. तोही कोरा. म्हणजे बाराचा अर्थही गेला आणि त्या अर्थामागचा आवाजही.

पहिल्यांदा सगळं जोडून वाजवलं तेव्हा सनईच्या जागी एक टोकदार इलेक्ट्रिक पियानो ऐकू आला. काका समोर बसले होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "चहा टाकतो."

उत्तर वहीत होतं. पहिल्याच पानावर निळ्या शाईत : "प्रथम 'आरंभ' फाइल वाजवणे. मग आरती." 'आरंभ' नावाच्या गाण्यात एकही सूर नव्हता, म्हणून मी ती रिकामी समजून बाजूला ठेवली होती. ऑक्टामेडमध्ये मिडीचा कुठलाही लांबलचक संदेश गाण्यातच साठवता येतो आणि एका आज्ञेने बाहेर पाठवता येतो. काकांनी त्यांचे ३२च्या ३२ आवाज मॉड्यूलमधून एकदा अमिगात खेचून या फाइलमध्ये ठेवले होते. संदेश ४,१०४ बाइटांचा : सुरुवातीला सहा बाइट, 'एफ० ४३ ०० ०४ २० ००', मग ४,०९६ बाइट आवाजांचे, एक तपासणीचा आणि शेवटी 'एफ७'.

एका फ्लॉपीवरच्या 'आरंभ'चा एक भाग वाचताच येत नव्हता. दुसरी प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर होती, ती पूर्ण निघाली. ती खरी की खोटी हे कळायला तो तपासणीचा बाइट असतो : ४,०९६ बाइटांची बेरीज करा, त्यात तो मिळवा, आणि खालचे सात बिट बघा. शून्य आले पाहिजेत. आले. मॉड्यूलमध्ये नवी बॅटरी बसवली, त्याचं मेमरी प्रोटेक्ट बंद केलं आणि फाइल वाजवली. मिडीवर एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे ४,१०४ बाइटांना साधारण १.३ सेकंद. एवढ्या वेळात तीस वर्षांपूर्वीची सनई परत मॉड्यूलमध्ये जाऊन बसली. क्रमांकांचा तक्ता साठवलेला नव्हता, पण वहीत होता : "१२ सनई, १३ पेटी, १४ सूर". तो हाताने भरला.

काकांनी १९९३ साली हा खटाटोप का केला असेल? त्यांना विचारलं तर म्हणाले, त्या वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी कुणीतरी मॉड्यूलची बटणं दाबून दोन आवाज पुसले, तेव्हापासून.

दर कडव्याला बटण

आरतीची आणखी जुनी, १९९०ची आवृत्तीही सापडली. ती ऑक्टामेडच्या आधीची, नॉइजट्रॅकरमध्ये केलेली. तेव्हा मिडी इंटरफेस नव्हता, टीएक्स८१झेडही नव्हतं. ड्रम मशीनवर १२५चा वेग लावायचा आणि अमिगासोबत हाताने सुरू करायचं. काका म्हणाले, "ते ड्रम मशीन बिघडलेलं होतं. कडवं संपेपर्यंत पुढे जायचं. दर कडव्याला मी बंद करून पुन्हा चालू करायचो."

ड्रम मशीन बिघडलेलं नव्हतं. हे सांगताना मला फार बरं वाटलं, कारण तीस वर्षं त्यांनी त्या यंत्राला नावं ठेवली होती.

जुने ट्रॅकर आपला ताल टीव्हीच्या चित्राकडून उसना घेत. चित्र एकदा पूर्ण रंगलं की एक टिक. सहा टिकांची एक ओळ, चार ओळींची एक मात्रा, म्हणजे मात्रेला २४ टिक. युरोपातल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा रंगतं असं आपण म्हणतो, त्यावरून मिनिटाला १२५ मात्रा निघतात. प्रत्यक्षात अमिगाचं घड्याळ सेकंदाला ३५,४६,८९५ ठोके देतं, एका रेषेला २२७ ठोके, चित्रात ३१३ रेषा. भागाकार केला की ५० येत नाही, ४९.९२ येतो. म्हणजे आरती १२५ला नाही, १२४.८ला चालत होती. ड्रम मशीन खऱ्याखुऱ्या १२५ला. एका मात्रेत पाऊण मिलिसेकंदाचा फरक. सव्वा मिनिटात तो साठत साठत एका पूर्ण ओळीएवढा, १२० मिलिसेकंदांचा होतो. नेमका एका कडव्याचा वेळ.

पुढे ऑक्टामेड आला आणि हा प्रश्नच संपला, आणि तो कसा संपला त्यात मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट दिसते. मिडीवर ताल जुळवायला एक बाइटाचा ठोका पाठवतात, एका मात्रेला २४. ट्रॅकरची मात्रा सहा गुणिले चार, म्हणजे २४ टिकांची. एक टिक, एक ठोका. दोन वेगळ्या घरांत वाढलेल्या गोष्टी, एक १९८३ साली वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली, दुसरी टीव्हीच्या चित्रावर बेतलेली, आणि दोघींचा आकडा तोच. ट्रॅकरने ठोके पाठवायचे, ड्रम मशीनने ऐकायचे. वेग १२४.८ असो की १२५, दोघं एकत्रच राहतात. शिवाय ऑक्टामेड वेगासाठी चित्रावर अवलंबून नाही, तो अमिगातल्या स्वतंत्र टायमरवर चालतो, त्यामुळे १२५ म्हणजे जवळजवळ बिनचूक १२५.

१९९३च्या आवृत्तीत ड्रम मशीनला फक्त खंजिरीसारखा एक आवाज दिला आहे. मी त्याला बाहेरच्या ठोक्यावर लावलं, आरती सुरू केली, आणि ते शेवटपर्यंत चिकटून राहिलं. काका बोटाने मांडीवर ठेका धरून होते.

नव्वद शून्यं

आता जी चूक माझ्या हातून झाली ती.

सॅम्पलं तपासताना ढोलकीच्या सॅम्पलच्या सुरुवातीला शांतता दिसली. नव्वद बाइट, सगळे शून्य, मग थाप. टाळाच्या सॅम्पलमध्येही तसंच, १८० बाइट. सॅम्पल भरताना सुरुवात नीट कापली नाही की असं राहतं, आणि आपल्याला शिकवलेलं असतं की थाप सॅम्पलच्या पहिल्या बाइटापासून सुरू झाली पाहिजे. मी दोन्ही कापून स्वच्छ केली. मूळ प्रती बाजूला होत्या, एवढं शहाणपण होतं.

वाजवलं तर ढोलकी पुढे पळत होती. दोन वेगळे आघात ऐकू येत नव्हते, तेवढं अंतर नव्हतं. पण ढोलकी सनईची वाट न पाहता निघून जाते आणि सनई तिच्यामागे धावते, असं काहीतरी. काका म्हणाले, "हे असं नव्हतं." काय नव्हतं ते त्यांना सांगता येईना. मलाही ऐकू येत होतं आणि बोट ठेवता येत नव्हतं.

घरी येऊन पॉलाचा आवाज आणि मॉड्यूलचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केले आणि लाटा शेजारी ठेवल्या. समेवर ढोलकीची थाप आणि सनईची सुरुवात यांत सुमारे ११ मिलिसेकंदांचं अंतर. दर समेला जवळजवळ तेवढंच.

ते कुठून येतं हे मिडीची तार पाहिली की कळतं. पॉलाला सांगितलं की ती त्याच क्षणी वाजवते. मिडीवर मात्र सगळ्यांनी एका रांगेत जायचं. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटाला दहा बिट, सूर सुरू करायला तीन बाइट. म्हणजे एका सुराला जवळजवळ एक मिलिसेकंद. ट्रॅकर रकाने डावीकडून उजवीकडे वाचतो. काकांच्या तक्त्यात पेटीचे तीन सूर आणि भरण्याचे दोन डावीकडे, सनई सगळ्यांत उजवीकडे. समेला आधी हे पाच, मग सनई. त्यात आधीच्या ओळीतून धरून ठेवलेले काही सूर त्याच टिकला सोडायचे, त्यांचेही तीन-तीन बाइट. शिवाय निरोप पोचल्यावर मॉड्यूलला आवाज काढायला लागणारा थोडा वेळ. सगळं मिळून अकरा.

मग हिशेब केला. ढोलकी सी-२ या सुरावर वाजते. त्या सुरावर पॉला सेकंदाला ८,२८७ बाइट वाचते. नव्वद बाइट म्हणजे १०.९ मिलिसेकंद. टाळ एक सप्तक वर, सी-३वर वाजतो, तिथे वाचनाचा वेग दुप्पट. १८० बाइट म्हणजे पुन्हा १०.९ मिलिसेकंद.

कापायचं राहून गेलेलं असतं तर दोन सॅम्पलांत असं नेमकं दुप्पट प्रमाण आलं नसतं. त्यांनी मुद्दाम घातलं होतं. पॉलाला थांबायला सांगायचा दुसरा उपाय ट्रॅकरमध्ये आहे, पण तो एका टिकचा, २० मिलिसेकंदांचा, फार जाड. म्हणून शांतताच सॅम्पलमध्ये शिवली. बाकीच्या फायली उघडून पाहिल्या. एका भजनात सनई डावीकडच्या रकान्यात आहे, तिथे ढोलकीपुढे फक्त ५८ शून्यं, म्हणजे सात मिलिसेकंद. ज्या गाण्यात मिडी नाहीच, तिथे एकही शून्य नाही.

काकांना फोन करून विचारलं. "हो, हो! ढोलकी आधी यायची ना. मी सॅम्पलच्या पुढे थोडं थोडं रिकामं चिकटवत जायचो, नीट वाटेपर्यंत. त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही."

त्यांच्याकडे मोजायचं साधन नव्हतं. कान होता, आणि सॅम्पल एडिटरमध्ये कापा-चिकटवा होतं. त्या कानाने मिलिसेकंदाच्या अंतरावर नेऊन ठेवलेली गोष्ट मी कचरा समजून काढून टाकली होती. मूळ सॅम्पलं परत घातली आणि ढोलकी सनईच्या शेजारी येऊन बसली.

इतरांना माझं कळकळीचं सांगणं आहे : जुनं काम हाती घेताना आधी स्वच्छ करू नका. ट्रॅकर आणि मिडी एकत्र असलेल्या फाइलमध्ये तर मुळीच नाही. जे निष्काळजीपणाचं दिसतं ते दोन यंत्रांमधल्या अंतराचं उत्तर असू शकतं, आणि ते उत्तर कुठेही लिहून ठेवलेलं नसतं.

याच कारणाने अशी गाणी सरळ मिडी फाइलमध्ये बदलून मोकळं होण्याला माझा विरोध आहे. सूर येतील, सॅम्पलं मागेच सुटतील. एम्युलेटरवरही मी आधी प्रयत्न केला होता. मिडी बाहेर काढता येतं, सूर सगळे बरोबर वाजतात. पण तिथे पॉलाचा आवाज आजच्या संगणकाच्या साउंड बफरमधून थांबत थांबत येतो आणि मिडी यूएसबीच्या वाटेने जातं. दोघांमधलं अंतर १९९३चं राहत नाही, आणि मग ती नव्वद शून्यं चुकीची ठरतात. फाइल पाहायला, शोधायला, नोंदी करायला एम्युलेटर उत्तम आहे. ही आरती त्यावर "पूर्वीसारखी" होत नाही.

राहिलेलं

मिडी इंटरफेस एकदा बदलावा लागला. मूळ मोडला होता, आणि ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या पर्यायात प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा घटक मिडीच्या वेगाला मंद पडत होता. कीबोर्डवरून आत येणारे सूर मधूनच गळायचे. दुसरा, ६एन१३८ वापरलेला, लावल्यावर ते थांबलं. पॉलाच्या सिरीयल भागाला नेमका ३१,२५०चा वेग जमत नाही, कारण तिचं घड्याळ त्या आकड्याने भागलं की ११३.५ येतं आणि अर्ध्याने भागता येत नाही. ११३ घेतला तर थोडा जास्त, ११४ घेतला तर थोडा कमी, पण दोन्ही बाजूंना फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. मिडीला एक टक्का चालतो, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

एका भजनात काकांनी पेटी आणि भरणा एकाच चॅनेलवर ठेवले आहेत. प्रीसेट वेगळे, त्यामुळे दर सुरापूर्वी आवाज बदलण्याचा निरोप जातो आणि आधीचा सूर तुटतो. ते मी दुरुस्त केलेलं नाही, फक्त नोंदवलं आहे.

रूपकातलं एक भजन आहे, सात मात्रांचं. ऑक्टामेडमध्ये ब्लॉकची, म्हणजे तक्त्याच्या एका पानाची, लांबी हवी तेवढी ठेवता येते, तो ब्लॉक २८ ओळींचा आहे. सात गुणिले चार. चार मात्रांच्या ठोकळ्यांत विचार करणाऱ्या ड्रम मशीनना हे जमवताना त्या काळी नाकीनऊ येत, इथे एक आकडा बदलला की झालं. ट्रॅकर आपल्या तालांसाठी किती सोयीचा आहे यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

आणि वहीतल्या आरतीच्या पानाच्या कोपऱ्यात दोनच शब्द होते : "दिवा मंद". समईचं काही असेल असं मला वाटलं. ती अमिगाच्या पॉवर दिव्याची खूण निघाली. अमिगा ५००मध्ये वरचे स्वर कापणारा एक फिल्टर आहे, तो चालू असला की दिवा प्रखर, बंद केला की मंद. फिल्टर चालू असताना काकांचा टाळ लाकडी पट्टीसारखा वाजतो. दिवा मंद झाला की त्याला पितळ येतं.

सातव्या रविवारी सगळा संच काकांच्या बैठकीच्या खोलीत मांडला. अमिगा, मॉड्यूल, ड्रम मशीन, दोन स्पीकर. आधी 'आरंभ', दीड सेकंद थांबलो, मग आरतीची फाइल. दिवा मंद. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. दुसऱ्या कडव्याला त्या ओठातल्या ओठात म्हणू लागल्या.

आरती संपली. काका उठले, मला म्हणाले, "जरा सरक." खुर्चीवर बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ब्लॉक सातवर गेले. बोटं जागा विसरली नव्हती. सनईच्या रकान्यात बाराव्या ओळीवरचा सूर त्यांनी पुसला आणि दहाव्यावर टाकला.

"हे तेव्हाच करायचं होतं," ते म्हणाले. "उत्सव दुसऱ्या दिवशी होता."

फ्लॉपी ड्राइव्ह खटखटला, फाइल साठवली गेली. मग त्यांनी वही मागितली.